यासुहिको ओकुदेरा

यासुहिको ओकुदेरा (जन्म: १२ मार्च १९५२, अकिता प्रांत, जपान) हे निवृत्त जपानी फुटबॉलपटू व प्रशिक्षक आहेत. जर्मनीच्या बुंडेसलीगा स्पर्धेत खेळणारे ते पहिले जपानी खेळाडू होत.

== कारकीर्द ==

ओकुदेरा १९७० मध्ये फुरुकावा इलेक्ट्रिक या कंपनीच्या संघात दाखल झाले. त्या काळी जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल नव्हते. खेळाडू कंपनीत नोकरी करून तिच्या संघाकडून खेळत. १९७७ मध्ये जर्मनीत सरावासाठी गेले असता एफ.सी. क्योल्न संघाचे प्रशिक्षक हेनेस वाइसवायलर यांनी त्यांची निवड केली.

१९७७-७८ च्या हंगामात क्योल्नने लीग व जर्मन चषक अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली. लीगच्या अखेरच्या दिवशी क्योल्न व बोरुसिया म्योन्शनग्लाडबाख यांचे गुण समान होते. क्योल्नने सेंट पाउलीचा ५-० असा पराभव केला व गोलफरकाच्या आधारे विजेतेपद मिळवले; त्यांपैकी दोन गोल ओकुदेरा यांचे होते. एप्रिल १९७९ मध्ये युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून त्यांनी ३-३ अशी बरोबरी साधणारा गोल केला.

१९८०-८१ मध्ये ते दुसऱ्या श्रेणीतील हेर्था बर्लिनकडून, तर १९८१ ते १९८६ या काळात वेर्डर ब्रेमनकडून खेळले. क्योल्नमध्ये आघाडीला खेळणारे ओकुदेरा ब्रेमनमध्ये ओटो रेहागेल यांच्या मार्गदर्शनाखाली प्रामुख्याने डाव्या बाजूचे बचावपटू व मध्यरक्षक झाले. बुंडेसलीगात त्यांनी २३४ सामन्यांत २६ गोल केले.

== प्रसिद्धी ==

कामगिरीच्या मानाने ओकुदेरा यांची ख्याती मर्यादित राहिली. त्यांच्या उमेदीच्या काळात जपानमध्ये फुटबॉलला बेसबॉलइतका प्रेक्षकवर्ग नव्हता. व्यावसायिक जे-लीग १९९३ मध्ये सुरू झाली आणि जपानचा संघ विश्वचषकात प्रथम १९९८ मध्ये खेळला. तोपर्यंत ओकुदेरा निवृत्त झाले होते. राष्ट्रीय संघाकडून त्यांनी ३२ सामने खेळले व ९ गोल केले. मात्र जर्मनीतील वर्षांत ते या संघापासून दूर होते. १९९८ मध्ये इटलीतील पेरुजा संघात गेलेल्या हिदेतोशी नाकाता यांना जी लोकप्रियता लाभली, ती त्यांच्या वाट्याला आली नाही. आशियाई खेळाडूंमध्येही, बुंडेसलीगात ३०८ सामने खेळून ९८ गोल करणारे दक्षिण कोरियाचे चा बुम-कुन अधिक परिचित आहेत.

तरीही बुंडेसलीगातील सर्वाधिक सामन्यांचा त्यांचा जपानी विक्रम तीन दशकांहून अधिक काळ टिकला. माकोतो हासेबे यांनी तो २०१७ मध्ये मोडला.

== मायदेशी पुनरागमन ==

१९८६ मध्ये ओकुदेरा फुरुकावा संघात परतले. त्याच वर्षी ते व काझुशी किमुरा जपानचे पहिले अधिकृत व्यावसायिक फुटबॉलपटू ठरले. १९८८ मध्ये निवृत्त झाल्यानंतर त्यांनी १९९६ मध्ये जेफ युनायटेडचे प्रशिक्षकपद आणि पुढे योकोहामा एफ.सी. क्लबचे अध्यक्षपद सांभाळले. २०१२ मध्ये जपान फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.