सात वर्षांची उमेदवारी

आमची ही विणकाम-मंडळात गेली, तर जुन्या मावशींनी तिची पहिली ओळ तीनदा उसवली. ही रडवेली! म्हटलं, “अगं, इंग्लंडात १५६३ साली कायदाच झाला होता. सात वर्षं उमेदवारी केल्याशिवाय धंदा करायचा नाही. उस्तादाच्या घरी राहायचं, बोलणी खायची. करारात गुत्ता बंद, फासे बंद, लग्नसुद्धा बंद!”

गंमत पुढेच आहे. १८१४ साली हे कलम रद्द व्हायची वेळ आली, तेव्हा ‘राहू द्या’ म्हणून अर्ज कुणी केले? सात वर्षं घासलेल्या कारागिरांनीच! त्यांचंही खोटं नव्हतं म्हणा; बिनशिकल्या स्वस्त हातांनी त्यांची मजुरी घसरत होती. कलम गेलंच.

परवा मंडळात नवी मुलगी आली.

“मी दोनदाच उसवलं हं!” ही घरी येऊन म्हणाली.