रॉबर्ट ऑस्ट्रियन

रॉबर्ट ऑस्ट्रियन (१२ एप्रिल, १९१६ : बाल्टिमोर, मेरीलँड, अमेरिका – २५ मार्च, २००७ : फिलाडेल्फिया, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका) हे अमेरिकन वैद्यकतज्ज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. न्यूमोनियास कारणीभूत होणाऱ्या न्यूमोकॉकस या जीवाणूचा आणि त्याविरुद्धच्या रोगप्रतिकारशक्तीचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. पेनिसिलिनच्या आगमनानंतर अनावश्यक ठरवून बाजूला टाकलेली न्यूमोकॉकसविरोधी लस त्यांच्या संशोधनामुळे पुन्हा वापरात आली.

== शिक्षण आणि कारकीर्द ==
ऑस्ट्रियन यांचे वडीलही डॉक्टर होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९४१ साली वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर त्यांनी न्यूयॉर्क येथे कॉलिन मॅक्लाउड यांच्यासोबत न्यूमोकॉकसवर काम केले. आनुवंशिकतेचे द्रव्य डीएनए आहे हे ज्या १९४४ सालच्या प्रयोगांनी दाखवून दिले, त्यांच्या तीन कर्त्यांपैकी मॅक्लाउड हे एक होत. ते प्रयोगही याच जीवाणूवर झाले होते. १९५२ ते १९६२ या काळात ऑस्ट्रियन ब्रुकलिन येथील किंग्ज काउंटी रुग्णालयात होते. त्यानंतर ते फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत त्या संस्थेशी संबंधित राहिले.

== पार्श्वभूमी ==
न्यूमोकॉकसच्या पेशीभोवती बहुशर्करेचे संपुट असते. या निसरड्या आवरणामुळे रक्तातील भक्षक पेशींना जीवाणू गिळता येत नाही. शरीराने त्या संपुटाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली, की ती संपुटाला चिकटतात आणि मग भक्षक पेशींचे काम सुकर होते. मात्र संपुटातील शर्करेची रचना प्रकारागणिक वेगळी असते. एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यापुढे निरुपयोगी ठरतात. ऑस्ट्रियन यांच्या काळात असे ८० हून अधिक प्रकार ज्ञात होते. आज ही संख्या १०० च्या पुढे गेली आहे. त्यामुळे लस करायची तर आधी कोणते प्रकार माणसांना प्रत्यक्ष आजारी पाडतात हे मोजणे भाग होते.

शुद्ध केलेल्या बहुशर्करेची लस माणसाचे रक्षण करू शकते, हे मॅक्लाउड, मायकेल हायडेलबर्गर आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साउथ डकोटातील लष्करी हवाई दलाच्या प्रशिक्षण केंद्रात सुमारे १७,००० जवानांवर केलेल्या चाचणीतून सिद्ध केले होते. युद्धानंतर सहा प्रकारांविरुद्धच्या लशी विक्रीसही आल्या. पण तोवर पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागले होते. सुईच्या एका मात्रेने बरा होणारा रोग टाळण्यासाठी लस कशाला, असा डॉक्टरांचा समज झाला. मागणी नसल्याने उत्पादकाने लशी मागे घेतल्या. त्यांच्या परिणामकारकतेविषयी मात्र कोणतीही तक्रार नव्हती.

== किंग्ज काउंटी येथील संशोधन ==
न्यूमोकॉकसचा न्यूमोनिया आता दुर्मीळ झाला आहे, असे ऑस्ट्रियन ब्रुकलिनला आले तेव्हा मानले जाई. अनेक रुग्णालयांनी थुंकीतील जीवाणूंचे प्रकार ओळखण्याचे काम बंद केले होते. रोग दिसेनासा होण्याचे ते एक कारण म्हणता येईल. ऑस्ट्रियन यांनी ही तपासणी पुन्हा सुरू केली. रुग्णाची थुंकी आणि विशिष्ट प्रकाराविरुद्धचा रक्तरस काचपट्टीवर एकत्र केला, की जुळणाऱ्या प्रकाराचे संपुट सूक्ष्मदर्शकाखाली फुगल्यासारखे दिसते. ही जुनी, कष्टाची पद्धत त्यांनी वर्षानुवर्षे चालवली. या आजाराचे शेकडो रुग्ण त्या एकाच रुग्णालयात दरवर्षी येत होते.

जेरोम गोल्ड यांच्यासह १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी रक्तात न्यूमोकॉकस आढळलेल्या रुग्णांचा दहा वर्षांचा लेखाजोखा मांडला. पेनिसिलिनमुळे एकूण मृत्यू पुष्कळ कमी झाले होते. परंतु आजाराच्या पहिल्या पाच दिवसांत जे दगावतात, त्यांच्या बाबतीत औषध दिल्याने आणि न दिल्याने फारसा फरक पडत नव्हता. जीवाणू मरत होते, तरी तोवर शरीराची हानी होऊन चुकलेली असे. वृद्ध आणि आधीपासून अन्य व्याधी असलेले रुग्ण यांत अधिक होते. अशा रुग्णांना वाचवण्याचा मार्ग आजार होऊच न देणे हा आहे, असा निष्कर्ष ऑस्ट्रियन यांनी काढला. त्यांच्या कार्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच मानावा लागेल. लस हे त्याचे फलित होय.

== दक्षिण आफ्रिकेतील चाचण्या ==
नव्या लशीच्या चाचणीसाठी न्यूमोनियाचे प्रमाण फार मोठे असलेला समूह हवा होता. तो दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत होता. दूरच्या खेड्यांतून आणि शेजारच्या देशांतून आलेले नवे कामगार दाटीवाटीच्या वसतिगृहांत राहत आणि पहिल्याच काही महिन्यांत त्यांना हा आजार गाठत असे. ॲल्मरॉथ राइट यांनी १९११ च्या सुमारास याच खाणींत मृत जीवाणूंची लस टोचून पाहिली होती.

१९७० च्या दशकात ऑस्ट्रियन आणि त्यांच्या दक्षिण आफ्रिकी सहकाऱ्यांनी सुमारे १२,००० नव्या खाणकामगारांवर चाचण्या केल्या. काहींना न्यूमोकॉकसची लस, काहींना मेनिंगोकॉकसची लस, तर काहींना केवळ मिठाचे पाणी टोचण्यात आले. लशीत समाविष्ट असलेल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया लसवंतांमध्ये सुमारे चार पंचमांशांनी घटला. हे कामगार वर्णभेदी राजवटीखाली राबणारे कृष्णवर्णीय होते, ही बाब या यशाची नोंद करताना वगळता येत नाही. त्यांच्या आजाराचे मूळ असलेली राहणी चाचणीने बदलली नाही.

चौदा प्रकारांविरुद्धच्या लशीला १९७७ मध्ये अमेरिकेत परवाना मिळाला. १९८३ मध्ये तिची जागा तेवीस प्रकारांविरुद्धच्या लशीने घेतली.

== मर्यादा आणि पुढील वाटचाल ==
निव्वळ बहुशर्करेची लस दोन वर्षांखालील बालकांत पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण करत नाही आणि तिने प्रतिकारयंत्रणेत टिकाऊ स्मृतीही उत्पन्न होत नाही. वृद्ध आणि दुर्बल रुग्णांतील तिच्या उपयुक्ततेवर पुढे बराच वाद झाला. बालकांसाठीचा मार्ग शर्करा प्रथिनाला जोडून केलेल्या संयुग्मी लशीने मोकळा केला. अशी सात प्रकारांविरुद्धची लस २००० साली अमेरिकेत वापरात आली. भारतात संयुग्मी लशीचा सार्वत्रिक लसीकरणात समावेश २०१७ पासून टप्प्याटप्प्याने झाला. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांविरुद्धची ‘न्यूमोसिल’ ही लस २०२० साली भारतात आणली. तिच्यातही लक्ष्य तेच आहे : जीवाणूचे संपुट.

== अन्य कार्य आणि सन्मान ==
न्यूमोनिया, मस्तिष्कावरणशोथ आणि हृदयाच्या अंतःस्तराचा दाह एकाच रुग्णात एकत्र आढळण्याच्या अवस्थेस ‘ऑस्ट्रियन त्रयी’ असे त्यांचे नाव मिळाले आहे. एकच न्यूमोकॉकस दोन वेगवेगळी संपुटे एकाच वेळी तयार करू शकतो, हेही त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवले. १९७८ चा लास्कर पुरस्कार त्यांना हायडेलबर्गर आणि एमिल गोत्श्लिख यांच्यासोबत विभागून मिळाला; हायडेलबर्गर तेव्हा नव्वदीचे होते. ‘लाइफ विथ द न्यूमोकॉकस’ हे ऑस्ट्रियन यांचे पुस्तक १९८५ साली प्रसिद्ध झाले.