खापर पिकअपच्या माथी

इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी चार मंडळी जमली की एक मत इतक्या सहजपणे मांडले जाते की त्याला कोणी पुरावा मागत नाही. आवाज मनासारखा येत नाही? पिकअप बदला. साधी, बेताच्या किमतीची गिटार घ्यायची, कंपनीने बसवलेले पिकअप काढून फेकायचे, सेमूर डंकन किंवा डिमार्झिओचा संच मागवायचा, की झाली तीच गिटार लाखमोलाची. संचाची किंमत, आयातशुल्क आणि कारागिराची मजुरी धरली तर हा खर्च कित्येकदा मूळ गिटारच्या किमतीला जाऊन भिडतो. तरीही तो करणाऱ्याला कोणी अडवत नाही, उलट पाठ थोपटली जाते.

हे मत मला मान्य नाही. पिकअपने काहीच फरक पडत नाही, असे माझे म्हणणे नाही. मात्र पिकअपच्या खात्यावर जमा होणाऱ्या श्रेयातील बराच वाटा पिकअपची उंची, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांमागचे बदलते रोध) आणि केबल यांचा असतो. म्हणून पिकअप बदलणे हा शेवटचा उपाय ठरतो. तो पहिला मानल्यामुळे पैसेही जातात आणि निदानही चुकते.

पूर्वपक्ष दुबळा करून खोडण्यात काही हशील नाही, म्हणून तो आधी पुरत्या ताकदीने मांडतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर हे वाद्य उभे आहे. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात कंप पावते, क्षेत्र ढवळले जाते आणि चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या हजारो वेढ्यांत विद्युतदाब उमटतो. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी 'फ्राइंग पॅन' म्हणून ओळखली जाणारी गिटार बाजारात आणली. तिचे अंग चक्क ओतीव ॲल्युमिनियमचे होते. म्हणजे ॲम्प्लिफायरपर्यंत जे पोचते ते पिकअपमधूनच पोचते. मग आवाज पिकअपचा नाही तर कोणाचा? पूर्वपक्ष पुढे तीन आधार देतो. पिकअपांचे रोध मोजता येतात आणि ते वेगवेगळे असतात. बदल करणारा प्रत्येक जण फरक ऐकल्याचे सांगतो. आणि एडी व्हॅन हेलन, ब्रायन मे यांच्यासारख्यांनी पिकअप बदलूनच आपला आवाज घडवला.

पहिली गफलत मूळ अनुमानातच आहे. घरातले सगळे पाणी नळातून येते, म्हणून पाण्याची चव नळाची ठरत नाही. सगळा संकेत पिकअपमधून जातो हे खरे. पण पिकअप स्वतःच्या बळावर कोणताही ठरावीक आवाज देत नाही. विजेच्या भाषेत ते एक वेटोळे आहे, आणि वेटोळ्याला इंडक्टन्स असतो. केबलला कपॅसिटन्स असतो, साधारण मीटरला १०० पिकोफॅरड. हे दोन्ही एकत्र आले की एका विशिष्ट वारंवारतेला संकेत उसळी घेतो आणि तिच्यावरचे सूर झपाट्याने गळतात. हा अनुनादाचा शिखरबिंदू कुठे येतो आणि किती उंच उठतो, यावर आपण ज्याला 'चमक', 'ऊब' किंवा 'चिखल' म्हणतो ते मोठ्या प्रमाणात ठरते. जर्मनीतील हेल्मुट लेमे यांनी आपले पिकअपविषयक लेखन याच मुद्द्यावर उभे केले आहे.

आता आकडे घालून पाहू. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या सिंगल कॉइलचा इंडक्टन्स सुमारे २.४ हेन्री धरा. तीन मीटर केबलचे ३०० आणि वेटोळ्याचे स्वतःचे १००, असे ४०० पिकोफॅरड झाले. शिखर येते सुमारे ५१०० हर्ट्झला. हीच केबल लावलेल्या, ४.५ हेन्रीच्या साधारण हंबकरचे (दोन वेटोळ्यांच्या पिकअपचे) शिखर येते सुमारे ३७५० हर्ट्झला. दोघांमधल्या 'स्वभावभेदा'तला ठळक भाग हाच. आता त्या सिंगल कॉइल गिटारच्या जॅकवर, संकेताचे टोक आणि अर्थिंगचे टोक यांच्यामध्ये, ४७० पिकोफॅरडचा एक कपॅसिटर अडकवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत तो चिल्लर पैशांत मिळतो. शिखर थेट ३५०० हर्ट्झच्या आसपास उतरते, म्हणजे हंबकरच्याही खाली. गिटार तीच, तारा त्याच, पिकअप तेच. आणि ऐकणारा म्हणेल की 'जाड' आवाजाचा नवा पिकअप बसवलेला दिसतो. सहा मीटरची केबल काढून तीन मीटरची लावली तर हाच खेळ उलट्या दिशेने चालतो. 'माझा पिकअप मंद वाटतो' अशी तक्रार करणाऱ्याने आधी केबल किती लांब आहे ते पाहावे.

शिखर किती उंच उठणार हे पॉट ठरवतात. सिंगल कॉइलसाठी २५० किलोओहम आणि हंबकरसाठी ५०० किलोओहम हा रूढ संकेत आहे, कारण पॉटचा रोध जितका कमी तितके शिखर दबते. पण साध्या पॉटला २० टक्क्यांची मुभा असते. ५०० छापलेला पॉट ४०० चाही निघतो, ६०० चाही. बदललेल्या पिकअपचे कौतुक करणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याच बैठकीत पॉटही बदललेले असतात. मग कौतुक नेमके कोणाचे? टोनच्या कपॅसिटरबद्दलही तीच गत. 'जुन्या तेल-कागदी' कपॅसिटरला हजारो रुपये मोजले जातात. वास्तविक मूल्य तेच असेल, तर गिटारच्या इतक्या क्षीण संकेताला त्याचे वेष्टण ओळखू येत नाही.

आता पूर्वपक्षाचे आधार. पहिला ओहमचा. विक्रेत्यांच्या तक्त्यांत 'डीसी रोध' ठळक छापलेला असतो आणि जितके किलोओहम जास्त तितका पिकअप 'गरम', असे समजले जाते. हा हेत्वाभास आहे. रोध वाढतो तो वेढ्यांनीही आणि तार बारीक असल्यानेही. वेढे तितकेच ठेवून ४२ गेजऐवजी ४३ गेजची तार वापरली तर रोध जवळपास पाव पटीने वाढतो. तेवढ्याने जोर मात्र वाढत नाही. शिवाय चुंबकाच्या ताकदीची नोंद या आकड्यात कुठेच होत नाही. गंमत अशी की तांब्याचा रोध तापमानाबरोबरही बदलतो. २० अंशांना ८ किलोओहम दाखवणारे वेटोळे ३५ अंशांना साधारण साडेआठ दाखवते. पुण्यातला पिकअप जानेवारीपेक्षा मे महिन्यात अधिक 'गरम' होतो, तो एवढ्याच अर्थाने.

जुन्या पिकअपांभोवतीचे गूढ तर याहून दाट आहे. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी हंबकरसाठी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला, ते मिळाले १९५९ मध्ये. मधल्या काळातल्या पिकअपांवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी होती, तीवरून ते 'पीएएफ' म्हणून प्रसिद्ध झाले. आज कैक निर्माते 'अस्सल पीएएफ आवाज' विकतात. पण अस्सल कोणता? त्या काळी वेढे अचूक मोजले जात नव्हते, चुंबकही वेगवेगळ्या प्रतीचे ॲल्निको असत. त्यामुळे मूळ पिकअपांचे रोध सुमारे ७ पासून ९ किलोओहमपर्यंत पसरलेले सापडतात. ज्या वस्तूचे दोन नमुने एकमेकांशी जुळत नाहीत, तिची हुबेहूब प्रत कशाची करायची? चिठ्ठीवर विसंबणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पुढे गिब्सनने चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक छापला, तो पिकअपचा नव्हताच. लेस पॉल यांच्या टेलपीसच्या पेटंटचा होता.

दुसरा आधार अनुभवाचा, आणि तो सर्वांत सावधपणे तपासला पाहिजे. 'मी बदलला आणि फरक ऐकला' असे म्हणणारा खोटे बोलत नसतो. फरक पडलेलाच असतो. प्रश्न कारणाचा आहे. आपल्याकडच्या तर्कशास्त्राने कारण ठरवण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक अशी दुहेरी कसोटी सांगितली आहे: कारण असताना कार्य दिसले पाहिजे, आणि इतर सारे तसेच ठेवून कारण काढले की कार्य नाहीसे झाले पाहिजे. पिकअप बदलताना काय घडते ते पाहा. जुन्या तारा उतरतात आणि नव्या चढतात. जुने गंजके सोल्डर निघते. नवा पिकअप नेमका जुन्याच उंचीवर बसत नाही. कारागीर जाता जाता ॲक्शन आणि इंटोनेशनही नीट करून देतो. मधे चार-आठ दिवस जातात आणि पूर्वीचा आवाज कानात तसाच राहत नाही. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय एकट्या पिकअपला देणे म्हणजे काकतालीय न्याय. त्यात आवाजाच्या पातळीची भर. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते की आवाज मोठा झाला की कानाला खर्ज आणि तारस्वर दोन्ही अधिक भरीव वाटतात. नवा पिकअप जरासा जोरदार असला तरी पुरते. कान त्याला 'चांगला' म्हणून मोकळा होतो.

राहिले थोर वादक. व्हॅन हेलनने गिब्सन ईएस-३३५ मधला हंबकर काढून स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीच्या अंगात बसवला, हे खरे. पण त्याला सिंगल कॉइलची घरघर नको होती आणि ट्रेमोलो ब्रिज मात्र हवा होता. मोठ्या आवाजात तो हंबकर किंचाळू लागला तेव्हा त्याने तो मेणात बुडवला. म्हणजे तक्रार नेमकी होती आणि उपाय तिच्यापुरता होता. ब्रायन मे याने १९६३ पासून वडिलांबरोबर 'रेड स्पेशल' घडवली. सुरुवातीचे पिकअप त्याने घरीच केले होते. तार ओढून मींड घेतली की त्यांतून खरखर येई, म्हणून त्याने बर्न्सचे ट्राय-सोनिक विकत आणले आणि कंप थांबवायला त्यांत ॲराल्डाइट ओतले. पण त्या गिटारचा खास आवाज घडवण्यात मोठा हात जोडणीचा आहे: तिन्ही पिकअप मालिकेत जोडलेले आणि प्रत्येकाला चालू-बंद व फेज उलटवण्याचे स्वतंत्र बटण. पीटर ग्रीनच्या लेस पॉलचे उदाहरण तर पूर्वपक्षाच्या विरुद्धच जाते. नेक पिकअपमधला चुंबक उलटा बसला होता. दोन्ही पिकअप एकत्र वाजवले की काही सूर एकमेकांना छेदत आणि तो पोकळ, नाकातला आवाज येई. नवा पिकअप त्यात नव्हताच.

आता मंडन. पिकअपला हात लावण्याआधी काय करावे? क्रम असा. ताज्या तारा, मग ट्रस रॉडने नेकचा बाक, मग ॲक्शन, नटच्या खाचा आणि इंटोनेशन. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात नेकचा बाक बदलतो, तेव्हा जूनमध्ये केलेला सेटअप दिवाळीत पुन्हा पाहावा लागतो. हे झाले की पिकअपची उंची. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तिचा तळ व पिकअपचा वरचा माथा यांतील अंतर मोजा. दोन मिलिमीटरच्या आसपास सुरुवात करा. जाड तारेकडची बाजू बारीक तारेपेक्षा थोडी खाली असू द्या. मग स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत ऐका. स्ट्रॅटोकास्टरसारख्या पिकअपांत चुंबकाच्या कांड्याच तारेखाली असतात. त्या फार वर आल्या तर तारेला ओढतात, आणि सहावी तार बाराव्या फ्रेटच्या पुढे दाबली की एकाच सुराचे दोन सूर भांडताना ऐकू येतात. वादक इंटोनेशन बिघडले म्हणून सॅडल मागे-पुढे करत बसतो. अशा वेळी नेक पिकअप दोन फेरे खाली घेतला की भांडण मिटते, खर्च शून्य.

त्यानंतर केबल, पॉट आणि घरघरीचा बंदोबस्त. आपल्याकडे मुख्य वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरघर ५० आणि १०० हर्ट्झला ऐकू येते. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर पोकळीला आतून तांब्याची पट्टी लावण्याचा विचार करा. वाढत असेल तर आधी ब्रिजचा अर्थ आणि भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग तपासा. तिथे दोष असेल तर आवाजापेक्षा जिवाची काळजी मोठी.

हे सारे करूनही तक्रार उरली, तर पिकअप बदलण्यात मला काही गैर वाटत नाही. सिंगल कॉइलची मुळातली घरघर सेटअपने पुरती जात नाही. त्यासाठी उलट वेढे आणि उलट चुंबक असलेली दोन वेटोळी लागतात, आणि हंबकर म्हणजे तेच. तुटलेले वेटोळे किंवा ढिले होऊन किंचाळणारा पिकअप हाही वाजवी हेतू. जास्त इंडक्टन्सचा, जोरकस पिकअप हवा असेल तर तोही. ८ हेन्रीच्या पिकअपचे शिखर सहा मीटर केबलवर सुमारे २१०० हर्ट्झला येते. कोणत्याही छोट्या कपॅसिटरने त्याच्यासारखा जोर मिळणार नाही. पण निवडताना ओहमऐवजी इंडक्टन्स विचारा. आणि दोन निर्मात्यांचे पिकअप एका गिटारमध्ये बसवणार असाल तर फेज आधी जुळवून घ्या, नाहीतर पीटर ग्रीनचा आवाज न मागता मिळेल.

या साऱ्यातून निघणारा नियम एकच. खरेदीआधी तक्रार एका वाक्यात कागदावर लिहावी. 'आवाजात जान नाही' हे वाक्य तक्रारीचे नसून कंटाळ्याचे आहे. 'ब्रिजवर वाजवताना बारीक तारा कर्कश लागतात' हे तक्रारीचे आहे. पण त्याचे उत्तर स्क्रूत आहे, नाहीतर २५० किलोओहमच्या पॉटमध्ये. जे वाक्य स्क्रू, पॉट आणि केबल यांना पुरून उरेल, त्यालाच नव्या पिकअपची किंमत मोजावी.