ॲरिस्टॉटलचा प्रक्षेपविचार आणि त्याची उत्तरपरंपरा

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाचा उत्तरकालीन विचारावर खोल प्रभाव पडला, हे विधान इतके सर्वमान्य झाले आहे की त्याचा नेमका अर्थ काय याची चिकित्सा सहसा कोणी करीत नाही. ‘प्रभाव’ या शब्दाने सामान्यतः अनुसरण सूचित होते. पूर्वसूरींनी सिद्धान्त मांडावा व पुढील पिढ्यांनी तो शिरोधार्य मानावा, असे चित्र त्यातून उभे राहते. याच अर्थाने पाहू गेल्यास ॲरिस्टॉटलच्या निसर्गविचाराचा प्रभाव सतराव्या शतकात संपुष्टात आला असे म्हणणे भाग पडेल. हा निष्कर्ष कितपत ग्राह्य आहे, हे प्रस्तुत लेखात एका लहानशा प्रश्नाच्या आधारे पाहावयाचे आहे.

तो प्रश्न असा : हाताने फेकलेला दगड हातातून सुटल्यानंतरही पुढे का जातो? ॲरिस्टॉटलच्या (इ. स. पूर्व ३८४–३२२) मते जे जे गतिमान आहे त्याला गती देणारे काही असलेच पाहिजे, आणि बलाने घडविलेल्या गतीत ते गतिमान वस्तूच्या सान्निध्यात असावे लागते. हात तर मागेच राहिला. तेव्हा चालक कोण? ‘फिजिक्स’ या ग्रंथाच्या आठव्या भागात त्याने दिलेले उत्तर असे की, फेकणारा केवळ दगडाला नव्हे, तर सभोवतालच्या हवेलाही चालविण्याचे सामर्थ्य देतो. हवेचा एक थर ते पुढच्या थराला देतो व क्रमाने ते क्षीण झाले की दगड खाली येतो. याच ग्रंथाच्या चौथ्या भागात माध्यम गतीला अडथळा करते, म्हणून निर्वात पोकळीत गतीला काही प्रमाणच उरणार नाही, असे सांगून त्याने पोकळीची शक्यता नाकारली आहे. म्हणजे एकच माध्यम गतीचे पोषकही ठरते आणि रोधकही. ही विसंगती किरकोळ नव्हती. कारण दगडाविषयीचे हे उत्तर सोडावयाचे तर गतीविषयीच्या मूळ तत्त्वालाच हात घालावा लागत होता.

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियातील ख्रिस्ती पंडित जॉन फिलोपोनस याने ‘फिजिक्स’वरील आपल्या भाष्यातच तो हात घातला. हवाच जर दगडाला ढकलीत असेल, तर हाताचा स्पर्श हवाच कशाला? दगडामागील हवा कितीही यंत्रांनी हलविली तरी तो हातभरदेखील सरकणार नाही, असा त्याचा आक्षेप होता. फेकणारा प्रक्षिप्त वस्तूतच एक अमूर्त चालक शक्ती घालतो, हा त्याचा पर्याय. त्याचा समकालीन भाष्यकार सिंप्लिसियस याने फिलोपोनसवर अत्यंत कठोर टीका केली. त्या टीकेमागे जग अनादी की निर्मित हा मोठा वाद होता, इ. स. ५२९ मध्ये फिलोपोनसने जगाच्या अनादित्वाविरुद्ध स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, दोघांचेही शस्त्र एकच होते : ॲरिस्टॉटलच्या ग्रंथावरील भाष्य.

पुढे हा ग्रंथ अरबी भाषेत गेला. हुनैन इब्न इसहाक याच्या पुत्राने, इसहाकने, केलेले ‘फिजिक्स’चे भाषांतर विशेष प्रचलित झाले. इब्न सिना (९८०–१०३७) याने प्रक्षिप्त वस्तूत ‘मय्ल’, म्हणजे कल अथवा प्रवृत्ती, संक्रांत होते असे मानले. ही प्रवृत्ती आपोआप नाहीशी होत नाही, रोधामुळे नष्ट होते. म्हणून पोकळीत तिला अंतच राहणार नाही, हे त्याने ओळखले. आधुनिक वाचकाला येथे जडत्वाच्या नियमाची चाहूल लागेल. इब्न सिनाने मात्र हाच मुद्दा पोकळी अशक्य असल्याचे प्रमाण म्हणून वापरला. अनंत गती त्याला अमान्य होती, म्हणून पोकळीही अमान्य झाली. भाष्यकार ग्रंथकाराच्या उत्तरापासून दूर जातो आणि तरीही त्याच्याच चौकटीत राहतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

लॅटिन जगात बाराव्या शतकात ‘फिजिक्स’ ग्रीकमधून व अरबीमधून, अशा दोन्ही मार्गांनी अवतरला. पॅरिसमध्ये १२१० साली ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांच्या अध्यापनास बंदी झाली. १२५५ साली तेच ग्रंथ कलाशाखेत अनिवार्य ठरले. आणि १२७७ साली बिशप तांपिये याने २१९ मते निषिद्ध म्हणून जाहीर केली, त्यांतील अनेक ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील होती. ज्याच्यावर बंदी घालावी लागते, ज्याला अभ्यासक्रमात घ्यावे लागते आणि ज्याचा पुन्हा निषेध करावा लागतो, त्या विचाराची पकड किती असावी याची कल्पना या तीन घटनांवरून येते.

याच विद्यापीठात चौदाव्या शतकात जाँ ब्यूरिदाँ याने आपला ‘इंपेटस’चा सिद्धान्त मांडला. भोवरा जागच्या जागी फिरतो, त्याला मागून हवा कोठून ढकलणार? प्रवाहाविरुद्ध ओढली जाणारी नाव ओढणे थांबल्यावरही काही काळ पुढे जाते, पण नावाड्याला पाठीवर हवेचा दाब जाणवत नाही. म्हणून चालविणारा वस्तूत ‘इंपेटस’ उत्पन्न करतो व तो द्रव्याच्या प्रमाणात आणि वेगाच्या प्रमाणात असतो, असे त्याचे प्रतिपादन. फिलोपोनसच्या मताशी त्याचे साम्य उघड आहे. परंतु फिलोपोनसचे भाष्य त्या काळी लॅटिनमध्ये उपलब्ध नव्हते. मग हे साम्य आले कोठून? दोघांपुढे एकच ग्रंथ होता, त्यातील एकच अडचण होती आणि भाष्यकाराने ग्रंथकाराला प्रश्न विचारावयाचा ही शिस्तही एकच होती, असेच उत्तर द्यावे लागते.

तथापि केवळ साम्यावरून प्रभावाचे अनुमान काढणे धोक्याचे आहे. आपल्याकडील वैशेषिक दर्शनात बाणाची पहिली क्रिया नोदनाने व पुढील क्रिया संस्काराने होते असे सांगितले आहे. प्रशस्तपादांनी संस्काराचे वेग, भावना व स्थितिस्थापक असे तीन प्रकार केले. यातील वेग ‘इंपेटस’सारखा भासतो. पण येथे प्रश्न उपस्थित होतो तो द्रव्य, गुण व कर्म या पदार्थव्यवस्थेतून. माध्यमच चालक आहे या मताचे खंडन करण्याच्या गरजेतून नव्हे. उत्तरे सारखी असली तरी प्रश्नांची कुळे भिन्न आहेत. प्रभावाचा शोध घेणाऱ्याने म्हणूनच उत्तराआधी प्रश्नाचे कूळ पाहावे.

गॅलिलिओने १५९० च्या सुमारास पीसा येथे गतीविषयी लिहिले तेव्हा तोही फेकलेल्या वस्तूत घातलेल्या शक्तीची भाषा बोलत होता. १६३२ च्या ‘संवादा’त ॲरिस्टॉटलच्या पक्षाचे समर्थन करणाऱ्या पात्राला त्याने सिंप्लिसियसचेच नाव दिले. न्यूटननेही विद्यार्थिदशेत, १६६४ च्या सुमारास, आपल्या टिपणवहीत बलाने घडविलेल्या गतीवर प्रकरण लिहून ती हवेमुळे टिकते की घातलेल्या शक्तीमुळे, याची चर्चा केली आहे. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त मात्र प्रश्नाचे स्वरूपच पालटले. सरळ रेषेतील एकरूप गतीला आता कारणाची अपेक्षा राहिली नाही. कारण हवे ते गतीतील बदलाला.

पिएर दुएम याने विसाव्या शतकाच्या आरंभी मध्ययुगीन पंडितांना आधुनिक यंत्रशास्त्राचे अग्रदूत ठरविले. अलेक्झांद्र क्वारे याने १९३९ साली ‘इंपेटस’ आणि जडत्व यांतील दरी दाखविली. ‘इंपेटस’ हे गतीचे कारण आहे, तर जडत्वाच्या विचारात अशा कारणाची गरजच उरत नाही. तेव्हा क्वारेचा भेद यथार्थ आहे. परंतु ती दरी दिसते, याचे कारण तिच्या दोन्ही काठांवर तोच जुना प्रश्न उभा आहे. तो प्रश्न निरर्थक ठरविण्यासाठीदेखील आधी कोणी तरी तो नेमकेपणाने विचारलेला असावा लागतो, आणि त्यावरची उत्तरे एकामागून एक अपुरी ठरलेली असावी लागतात.

ॲरिस्टॉटलचे उत्तर फिलोपोनसच्या काळीच डळमळीत झाले होते. तरी त्याचा ग्रंथ त्यानंतर हजार वर्षे वाचला गेला. तेव्हा या परंपरेचा प्रभाव तिला किती अनुयायी लाभले यावरून मोजू नये. तिच्याशी मतभेद दर्शविणाऱ्यांनाही तिच्याच प्रश्नापासून आरंभ करावा लागला, यावरून मोजावा.