चिचुंद्रीची चढती कमान

माणसांची दैवे फिरतात, तशी शब्दांचीही फिरतात. इंग्रजीतला ‘श्रूड’ हा शब्द आज वकिलाला, व्यापाऱ्याला वा मुत्सद्द्याला लावला, तर तो मनातून सुखावतो. सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाने मात्र बाह्या सरसावल्या असत्या! तेव्हा त्याचा अर्थ होता दुष्ट.

हा शब्द आला ‘श्रू’पासून, श्रू म्हणजे आपली चिचुंद्री. या इवल्याशा जीवाचा इंग्लंडातल्या खेडुतांनी भलताच धसका घेतला होता. गिल्बर्ट व्हाइटने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या सेल्बोर्न गावाच्या वृत्तान्तात तो नोंदवला आहे. चिचुंद्री अंगावरून गेली की गुराचा पाय लुळा पडतो, असा समज. उपाय काय, तर अ‍ॅश वृक्षाच्या बुंध्याला भोक पाडून जिवंत चिचुंद्री आत कोंडायची आणि त्याची डहाळी गुरावरून फिरवायची!

असे हे बदनाम नाव दुष्ट माणसाला चिकटले आणि पुढे कजाग बायकोच्या वाट्याला गेले. शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’मधली श्रू ती हीच. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी हे नाटक मराठीत आणले, ते ‘त्राटिका’ या नावाने. चिचुंद्रीला थेट राक्षसीण केले. पण मला वाटते, नेम अचूक बसला.

सोळाव्या शतकात ‘श्रूड’ला बरे दिवस येऊ लागले. दुष्टावा हळूहळू गळाला. धूर्तपणा उरला, आणि त्याचेच पुढे चातुर्य झाले. तरी जुना वास पुरता गेलेला नाही. गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडणाऱ्या न्यूटनला कोणी श्रूड म्हणणार नाही. तिथे प्रज्ञा म्हणावे. पण तोच न्यूटन १६९६ साली लंडनच्या टांकसाळीत अधिकारी झाला आणि खोटी नाणी पाडणाऱ्यांचा माग काढू लागला. तो न्यूटन श्रूड! माणसे ओळखणारी, डाव हेरणारी बुद्धी ती ही.

आपल्याकडे तरी काय वेगळे? जुन्या धर्मशास्त्रात ‘साहस’ हा बळजबरीचा गुन्हा होता. आज साहसाबद्दल मुलांना बक्षिसे मिळतात. शब्द धुतले जातात, आणि त्यात वाईट काहीच नाही. मात्र शब्दाबरोबर कृत्यही धुऊन निघते, असे समजू नये. ‘पोरगा मोठा चाणाक्ष हो!’ असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा त्याच्या चाणाक्षपणाने कोणाचे नुकसान तर झाले नाही ना, एवढे विचारून घ्यावे. झाले असेल, तर विशेषण नवे असले तरी अर्थ सातशे वर्षांपूर्वीचाच आहे.