बाह्य वस्तू गिळणे

अन्न नसलेली वस्तू, किंवा अन्नातलाच काटा-हाडासारखा भाग, गिळला जाऊन अन्नमार्गात अडकणे अथवा पुढे सरकणे. सहा महिने ते सहा वर्षे या वयातील मुलांत हे प्रमाण सर्वांत जास्त आढळते, कारण हाती लागेल ते तोंडात घालून पाहण्याचे हे वय. मोठ्यांत मटणाचे हाड, माशाचा काटा, सैल झालेली कवळी ही नेहमीची कारणे असतात. मनोविकार असलेल्या व्यक्ती आणि कैदी कधीकधी जाणूनबुजून वस्तू गिळतात. वस्तू श्वासनलिकेत गेल्यास तो वेगळा प्रसंग होय. त्यात जीव गुदमरतो आणि उपाय जागच्या जागी करावा लागतो.

गिळलेल्या वस्तूंपैकी सुमारे ८० ते ९० टक्के आपोआप शौचावाटे पडतात. १० ते २० टक्के दुर्बिणीने काढाव्या लागतात आणि शस्त्रक्रियेची वेळ जेमतेम एक टक्का रुग्णांवर येते. त्यामुळे थांबावे की लगेच काढावे, हाच उपचारातील मुख्य निर्णय असतो. तो घेताना काय गिळले, ते कुठे आहे आणि किती वेळ झाला, या तीन गोष्टी पाहिल्या जातात.

अडकण्याच्या जागा : अन्ननलिकेचे वरचे टोक ही सर्वांत अरुंद जागा. मुलांच्या घशातील नाणी बहुधा तिथेच थांबतात. त्याखाली महारोहिणीची कमान व डाव्या श्वसनीचा दाब पडतो ती जागा आणि जठराच्या तोंडाजवळचा भाग येतो. जठरात उतरलेली वस्तू मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटरहून रुंद असेल, तर जठराच्या खालच्या दारातून सहसा निघत नाही. सहा सेंटिमीटरहून लांब वस्तू लहान आतड्याच्या पहिल्या वळणावर अडते. भारतातील १० रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिमी, म्हणजे वरच्या अडीच सेंटिमीटरच्या मर्यादेहून जास्त आहे. पुढचा अडसर लहान व मोठे आतडे जुळते त्या झडपेपाशी असतो.

लक्षणे : गिळताना दुखणे, लाळ गळत राहणे, ओकारी, छातीत टोचणे, खाण्यास नकार. अन्ननलिकेतील वस्तूचा दाब श्वासनलिकेवर पडल्यास खोकला व घरघर होते. अनेक मुलांत सुरुवातीला काहीच लक्षण नसते. पोट फुगणे, ताप, रक्ताची उलटी किंवा काळी शौच ही धोक्याची चिन्हे समजावीत.

वस्तूनुसार गुंतागुंत : सर्वांत घातक वस्तू म्हणजे बटन सेल, त्यातही २० मिमी व्यासाचा, तीन व्होल्टचा लिथियम सेल. तो अन्ननलिकेत अडकला की ओल्या ऊतकातून विद्युतप्रवाह सुरू होतो. ऋण बाजूशी तीव्र अल्क तयार होऊन ऊतक विरघळू लागते. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. रिमोट चालवू न शकणाऱ्या ‘संपलेल्या’ सेलमध्येही एवढी शक्ती उरलेली असते. सेल काढल्यानंतरही जखम पसरत राहते. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी श्वासनलिकेत भोक पडणे, महारोहिणी फुटून प्राणघातक रक्तस्राव होणे, अन्ननलिका आकसणे असे परिणाम दिसतात.

एकच चुंबक गिळला तर तो बहुधा निघून जातो. दोन चुंबक, किंवा चुंबक व लोखंडी तुकडा, आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना खेचतात. मधली भिंत चिमटली जाऊन तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिला भोक पडते. पाण्यात फुगणारे रंगीत मणी आतड्यात फुगून मार्ग बंद करतात. उघडी सेफ्टी पिन, काटा, दातकोरणी यांनी भिंत भेदली जाऊन पू होतो किंवा पर्युदरशोथ उद्‌भवतो. स्वतःचे केस उपटून खाण्याच्या सवयीने जठरात केसांचा घट्ट गोळा साठतो. त्याची शेपटी लहान आतड्यात उतरल्यास त्या अवस्थेला रापुंझेल लक्षणसमूह म्हणतात. तिचे पहिले वर्णन १९६८ साली झाले.

निदान : मान, छाती व पोट यांचे एक्स-रे काढतात. अन्ननलिकेतील नाणे समोरून पूर्ण गोल दिसते. सेलच्या कडेला दुहेरी वलय दिसते, त्यावरून तो नाण्यापासून ओळखता येतो. लाकूड, प्लॅस्टिक, कवळीचे अ‍ॅक्रिलिक आणि माशांचे बारीक काटे एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत. संशय असल्यास सीटी स्कॅन करतात.

प्रथमोपचार : उलटी करवू नये आणि घशात बोटे घालू नयेत. कोकण-गोव्यात काटा अडकल्यावर भाताचा मोठा घास किंवा केळे गिळायला देतात. त्याने काटा आणखी खोल रुतू शकतो. बटन सेल गिळून १२ तासांहून कमी वेळ झाला असेल आणि मूल एक वर्षाहून मोठे व गिळू शकणारे असेल, तर रुग्णालयात नेताना दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा. मध सहा वेळांहून अधिक देऊ नये आणि त्यासाठी वाटेत थांबू नये. एरवी रुग्णाला काही खाऊ-पिऊ घालू नये.

उपचार : अन्ननलिकेतील सेल तातडीने काढतात. टोकदार वस्तू, अनेक चुंबक आणि लाळही गिळता येऊ नये इतका अडथळा, यांतही उशीर करत नाहीत. लक्षणे नसल्यास अन्ननलिकेतील नाण्यासाठी २४ तासांपर्यंत थांबता येते. जठरातील नाण्याबाबत शौचावर लक्ष ठेवून काही आठवडे वाट पाहतात. काढण्यासाठी लवचिक दुर्बिणीतून चिमटा, फास किंवा जाळी आत सोडतात. अमली पदार्थांची पाकिटे गिळली असल्यास ती फुटण्याच्या भीतीने दुर्बीण वापरत नाहीत. भोक पडणे, आतडे बंद होणे व केसांचा मोठा गोळा यांसाठी शस्त्रक्रिया करावी लागते.

इतिहास : १८६८ मध्ये जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका खेळकऱ्याच्या जठरात ताठ नळी उतरवून पाहिली. अमेरिकन शल्यविशारद शेव्हलियर जॅक्सन (१८६५–१९५८) यांनी रुग्णांच्या घशातून व छातीतून काढलेल्या २,३७४ वस्तू फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहेत.

प्रतिबंध : भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. हा आदेश खेळण्यांपुरता आहे. रिमोट, वजनकाटा, गाडीची किल्ली यांतील सेलचे झाकण घट्ट आहे ना, हे घरच्यांनीच पाहावे. काढलेला जुना सेलही मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.