फळयंत्राचा जीर्णोद्धार व एक कूटाक्ष

पोथ्या, नाणीं व ताम्रपट यांच्या विवेचनासाठीं असलेल्या या पृष्ठांत जुगाराच्या यंत्राविषयीं लिहितांना संकोच वाटतो. तथापि बदलापुराजवळील शिरगांवीं एका घड्याळजीच्या ओटीवर जो प्रश्न आमच्यापुढें आला, तो सर्वस्वीं पाठचिकित्सेचा आहे. सबब तो येथें मांडीत आहों.

जुनीं यंत्रें दुरुस्त करणें हा या गृहस्थांचा छंद. भंगारांतून त्यांनीं आणलेलें यंत्र इंग्रजींत ज्याला 'फ्रूट मशीन' म्हणतात त्या जातीचें होतें. नाणें टाकून दांडा ओढावा, तीन चक्रें फिरावीं, आणि तीं थांबल्यावर चेरी, लिंबू वगैरे चित्रें एका रांगेंत जुळल्यास पैसे मिळावे, असा हा खेळ. त्याचा मूळपुरुष म्हणजे चार्ल्स फे या कारागिरानें सॅन फ्रान्सिस्को येथें १९ व्या शतकाच्या अखेरीस घडविलेलें 'लिबर्टी बेल' हें यंत्र. त्यावर नाल, पत्त्यांतील चिन्हें व घंटा होती. फळें आलीं तीं १९१० च्या सुमारास, आणि तींहि कायद्याला बगल देण्यासाठीं: हें जुगाराचें यंत्र नसून च्युइंग गम विकण्याचें आहे, आणि फळांचीं चित्रें म्हणजे त्या गमाच्या चवी, असा बहाणा करण्यांत आला. बहाणा गेला, फळें राहिलीं.

आपल्याकडे द्यूताचा आरंभच फळापासून आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसाव्या सूक्तांत द्यूतकाराला वेड लावणारे जे अक्ष, तीं बेहड्याचीं फळें होत. वनपर्वांत ऋतुपर्ण राजा वाटेवरच्या बेहड्याचीं पानें व फळें रथांत बसूनच मोजून सांगतो; नल खालीं उतरून तीं पडताळून पाहतो, आणि मग त्याला अक्षहृदय, म्हणजे फांशांचें रहस्य, प्राप्त होतें. 'अक्ष' म्हणजे फांसा आणि 'अक्ष' म्हणजे चाकाचा आंस. फळयंत्रांत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, ही मौज आम्हांस तेथेंच सुचली.

घड्याळजींनीं नलाचेंच अनुकरण केलें. गोठलेलें वंगण रॉकेलनें धुतलें, तुटलेली स्प्रिंग बदलली, आणि मग फळें मोजलीं. प्रत्येक चक्रावर वीस चित्रें. म्हणजे एकंदर ८,००० जुळण्या. सर्वांत मोठ्या बक्षिसाचें चिन्ह प्रत्येक चक्रावर एकेकदांच होतें; तेव्हां तें तिन्हींवर एकदम येण्याचा संभव ८,००० मध्यें एक. प्रत्येक चक्राला वीस खांचांची तबकडी जोडलेली असते. तरफ ज्या खांचेंत पडेल तेथें चक्र थांबतें. तिसऱ्या तबकडीच्या एका खांचेंत पितळेचा चिमुकला तुकडा बसविलेला होता. तरफ तेथें न पडतां घसरून पुढील खांचेंत जाई. ती बुजविलेली खांच नेमकी मोठ्या बक्षिसाची! म्हणजे तो ८,००० मधील एक संभवहि शून्य झालेला. अमेरिकेंतील यंत्रचालकांत ही लबाडी प्रसिद्ध होती. या तुकड्याला ते 'बग', म्हणजे किडा, म्हणत. आम्ही त्याला कूटाक्ष म्हणतों.

कौटिल्यानें तिसऱ्या अधिकरणाच्या शेवटच्या अध्यायांत द्यूत एकाच ठिकाणीं चालवावें, अध्यक्षानें जिंकलेल्या द्रव्यांतून शेंकडा पांच घ्यावे, व कूटकर्म करणाऱ्यास पूर्वसाहस दंड करावा, असें सांगितलें आहे. तेथें फांसे पुरविणारा अध्यक्षच त्यांच्या खरेपणाचा जामीन. येथें मात्र ज्याचें यंत्र, त्याचाच कूटाक्ष.

घड्याळजींचें म्हणणें, तुकडा काढलाच पाहिजे. कारखान्यांतून निघालें तसें यंत्र करणें हाच जीर्णोद्धार. आमचें म्हणणें, तो ठेवावा. कित्येकांचे पैसे कसे बुडाले याचा तेवढाच पुरावा उरला आहे. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्यानें अड्ड्यांत सांपडलेलीं साधनें नष्ट करविण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला. अशा वस्तु संग्रहांत पोंचाव्या कशा? गोव्यांत १९९२ च्या दुरुस्तीनें पंचतारांकित हॉटेलांत हीं यंत्रें कायदेशीर झालीं. महाराष्ट्रानें १९७६ सालीं केलेला कॅसिनोचा कायदा कधीं अमलांतच आला नाहीं, व २०२३ सालीं तो रद्द झाला.

शेवटीं आम्हीं पुण्याच्या भांडारकर मंदिराचा दाखला दिला. १९१९ ते १९६६ या काळांत सिद्ध झालेल्या महाभारताच्या आवृत्तींत प्रक्षिप्त श्लोक संहितेंतून काढले, पण तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवले. हें घड्याळजींना पटलें. खांचेचा क्रमांक टिपून, आकृति काढून त्यांनीं चिमट्यानें तुकडा उचलला व कागदाच्या पुडींत घातला.

तुकड्याखालीं खांचेच्या दोन्ही कडांवर ओरखडे होते. कांहीं जुने व काळवंडलेले, कांहीं त्यांवरून गेलेले नवे. म्हणजे तो एकाहून अधिक वेळां काढून पुन्हां बसविलेला होता. आमचा आग्रह मानला गेला असता तर हें दिसलेंच नसतें, हें कबूल केलें पाहिजे.